बंद गाडी ऐकणारे नाना

नानांबद्दल लिहायचं मी सात वर्षं टाळत आलो. दोनदा वही उघडली आणि दोन्ही वेळा तारीख घालून मिटून ठेवली. परवा संध्याकाळी बागेत आमच्या फिरणाऱ्या मंडळींमध्ये जुन्या गाड्यांचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "ते बंदगाडी नाना आठवतात का? चांगला माणूस, पण शेवटी कान गेले बिचाऱ्याचे." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नानांचे कान गेले नव्हते. हे नक्की ठाऊक असलेला मी एकटाच माणूस आहे आणि मला शहात्तरावं चालू आहे. म्हणून आता लिहितो.

बीड बायपासवरून गारखेड्याकडे वळताना डाव्या हाताला त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, आणि भिंतीला टेकून ठेवलेली कुठल्याशा मोडीत निघालेल्या जीपची मागची लांब सीट. इतर मिस्त्री गाडी आली की म्हणतात, "चालू करा, रेस द्या." नाना म्हणायचे, "बंद करा." मग ते मालकाला त्या सीटवर आपल्या शेजारी बसवायचे आणि मान जराशी डावीकडे कलती करून ऐकायचे. दहा मिनिटं, कधी वीस. तेवढ्या वेळात बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. एकदा मी पाण्याची बाटली तोंडाला लावली तर त्यांनी हातानेच थांबवलं. घोटाचा आवाज होतो म्हणे. म्हणून त्यांना सगळा भाग बंदगाडी नाना म्हणायचा. शेजारचा टायरवाला सलीमभाई तेवढ्यापुरता आपला कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. "नाना, गाडी बंद है, मय्यत नहीं है. सब इतना मुंह लटकाके कायको बैठे?"

"चालू गाडी समदेच ऐकत्यात," नाना म्हणायचे. "चालू आसताना गाडी कामात आसती. कामातल्या माणसाला इचारलं तर तो बराच हाये म्हणतो. खाली बसला की मंग कण्हतो."

माझी त्यांची ओळख एका पंख्यामुळे झाली. बँकेतून निवृत्त व्हायच्या आधी मी एक जुनी गाडी घेतली होती. पहिल्याच आठवड्यात जालन्याहून परत आलो, गाडी दारात लावली, किल्ली काढली, जिन्याच्या तीन पायऱ्या चढलो आणि मागून घर्र आवाज सुरू झाला. किल्ली माझ्या हातात आणि गाडी आपली आपण चालू. मी बायकोला ओरडून बाहेर बोलावलं. तिला गाडीतलं माझ्यापेक्षा कमी कळत होतं, पण तिने पाण्याची बादली आणली. शेजाऱ्यांनी त्या बादलीपासून गाडीला वाचवलं आणि मला नानांकडे पाठवलं. नाना हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुमी जिना चढून आले की धापा टाकता का नाय? लगेच गप होता का? तसाच हाये त्यो पंखा. इंजिन निवलं की थांबंल. पर एक ध्यानात ठिवा. सकाळच्या गारव्यात दूध आणायला गेलात, पाच मिनिटांत परत आलात, आन् तरीबी पंखा सुटला, तर च्या प्यायला थांबू नका. सरळ हिकडं या."

त्या दिवसापासून मी त्यांच्या सीटवरचा नेहमीचा माणूस झालो. काम नसलं तरी जायचो. निवृत्तीनंतर तर रोजच. माझ्या आयुष्यात मी माणसांच्या सह्या तपासल्या होत्या. एखादी वस्तू इतका वेळ लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला वाटायचं, मीही शिकतोय. शिकलोही थोडं. ते पुढे कशासाठी वापरलं, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

एक वकीलसाहेब होते. त्यांची बॅटरी दर चार दिवसांनी उतरायची. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. गाडी बंद केल्यावर टिकटिक येते, असं सांगितल्यावर तिन्ही ठिकाणी उत्तर एकच मिळालं होतं, लोखंड थंड होताना वाजतंच. नानांनी त्यांना सीटवर बसवलं. पंधरा मिनिटं झाली. वकीलसाहेब घड्याळ बघायला लागले. नाना उठले आणि म्हणाले, "लोखंड निवतंय हे खरं, पर निवणारं लोखंड दमत दमत वाजतं. आधी भराभरा, मंग थांबून थांबून, मंग एखादी टिक आन् गप. तुमची टिकटिक पयल्यापासून एकाच चालीवर चाललीय. ही दमतच नाय. ही वायरीची हाये." डॅशबोर्डखाली हात घालून त्यांनी काडेपेटीपेक्षा लहान एक काळी डबी काढली. आवाज थांबला. गाडी बंद झाली तरी त्या डबीचं काम संपत नव्हतं, रात्रभर ती बॅटरी खात होती. वकीलसाहेबांनी विचारलं, "हे तुम्ही कुठं शिकलात?" नाना म्हणाले, "कुठं नाय. बाकीच्यांना घाई आसती, मला नसती."

घरी मात्र या कानांची फारशी किंमत नव्हती. वहिनी दुपारी डबा घेऊन यायच्या आणि माझ्यासमोर त्यांची तक्रार मांडायच्या. "भाऊ, दोन गल्ल्या सोडून कुणाच्या गाडीचं पाणी उकळलं तर ह्यांना कळतं. मी चार येळा म्हणलं पीठ संपलंय, तर ह्यांना ऐकू नाय आलं." नाना भाकरी मोडत म्हणायचे, "तू चालू गाडी हायेस. बंद झालीस की ऐकतो." वहिनी डब्याचं झाकण आपटायच्या. ते दोघं पाचोडचे. तिथे त्यांची थोडी जमीन होती, मोसंबीची झाडं होती, भाऊ बघायचा. गावाकडून कुणीही आलं की नाना आधी झाडांची चौकशी करायचे, मग माणसांची.

त्यांचा एक नियम होता आणि त्यावर त्यांचं सगळं काम उभं होतं. गाडी लांबून आली पाहिजे. निदान तीस-चाळीस किलोमीटर पळून, दारात येऊन, तिथल्या तिथे बंद झाली पाहिजे. गल्लीतून आणलेल्या गाडीला ते कान लावायचे नाहीत. "ती काय सांगणार? तिला काय झालंच नाय अजून." म्हणून गाडी आली की पहिला प्रश्न, "कुठून आलात?" मालक जे सांगेल ते नाना धरून चालायचे. तपासून कधी पाहिलं नाही. आम्हा लोकांत नाना कसं ऐकतात याची चर्चा फार व्हायची. या एका प्रश्नाच्या उत्तरावर ते किती भरवसा टाकतात, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.

सात वर्षांपूर्वी मुलाने पुण्याहून मला नवी गाडी पाठवायची ठरवली. जुनी काढायला हवी होती, दारात दोन मावत नव्हत्या. त्याआधी दोन महिने जुन्या गाडीने एक नवा आवाज काढायला सुरुवात केली होती. लांबून आलो, बंद केली, की दोन-तीन मिनिटांनी पुढच्या बाजूने बुडबुड यायची, कुणी हुक्का ओढावा तशी. जवळपास फिरून आलो तर काही नाही. पाणी कमी व्हायचं, मी रोज सकाळी ओतायचो. हा आवाज काय असतो, हे मी नानांच्याच शेजारी बसून शिकलो होतो. इंजिनाच्या आतून पाण्यात हवा शिरते आहे, आज ना उद्या हे मोठं होणार. नानांना दाखवलं असतं तर त्यांनी इंजिन खोललं असतं, आठवडा लावला असता आणि दोन महिने पाणी कशाला ओतत बसलात म्हणून झापलं असतं. मला ते नको होतं. यात मोठं कारण काही नाही. गाडी जायचीच आहे तर आता कुठे उघडत बसा, एवढाच कंटाळा.

गिऱ्हाईक आलं गणेश. वाळूजच्या कारखान्यात कामाला, बजाजनगरात खोली घेऊन राहणारा, घर लासूर स्टेशनचं, शेतीचं. त्यांच्या घरातली ही पहिली गाडी. तो माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "काका, मला गाडीतलं काय कळत नाय. नाना हो म्हणले की मी घेतली."

मी म्हणालो, "अगदी. नानांनाच दाखवू."

ठरल्या दिवशी गणेश आधीच गॅरेजवर जाऊन बसला होता. मी वैशाखातली दुपार निवडली होती. घरून निघालो. घर ते गॅरेज दहा मिनिटांचा रस्ता. गॅरेजच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मी गाडी चालूच ठेवून काही वेळ उन्हात उभा राहिलो, म्हणजे बॉनेट हाताला भाजेल. मग गॅरेजपुढे आणून बंद केली.

"कुठून आलात?" नानांनी विचारलं.

"पाचोडहून," मी म्हणालो. का तेच गाव तोंडात आलं, कोण जाणे. बहुतेक अंतर बरोबर होतं म्हणून.

नानांचा चेहरा उजळला. "आमच्या गावाला? काय काढलं?"

"एकाकडे पत्रिका द्यायची होती."

"बाजार असंल आज. मोसंबी आलती का?"

"आली होती. बरीच होती," मी म्हणालो. आत डबा घासत असलेल्या वहिनींना त्यांनी ओरडून सांगितलं, "आगं, साहेब पाचोडला जाऊन आले. मोसंबी लई आलीय म्हणतात."

मग आम्ही तिघं सीटवर बसलो. सलीमभाईने कॉम्प्रेसर बंद केला. पंखा थोडा वेळ फिरला आणि थांबला. टिकटिक सुरू झाली आणि पाच मिनिटांत विरली. बुडबुड आली नाही. येणारच नव्हती. नाना तरी उठेनात. मान कलती करून बसून राहिले. मला घाम फुटला होता, तो उन्हावर खपला.

शेवटी ते म्हणाले, "लई लवकर गप झाली, साहेब. एवढी पळून आलेली गाडी एवढ्या लवकर निवती कशी?"

इथे मी थांबू शकलो असतो. मी हसून त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणालो, "नाना, गाडी बोलतच असेल हो. तुमचं वय झालं. एकदा कान तपासून घ्या."

गणेश हसला, सलीमभाईही हसला. नानाही थोडे हसले. पण त्यांनी करंगळी कानात घालून हलवली आणि पुन्हा गाडीकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत असा गोंधळ मी त्याआधी पाहिला नव्हता. मग ते गणेशला म्हणाले, "घ्या. मला तर काय वावगं ऐकू नाय आलं."

पंधरा दिवसांत ती गाडी लासूरच्या अलीकडे बंद पडली. गणेश आईवडिलांना घेऊन बहिणीच्या साखरपुड्याला निघाला होता. पाणी संपलं, इंजिन तापून जाम झालं. दोघं म्हातारी माणसं भर उन्हात रस्त्याकडेला बसून राहिली आणि साखरपुडा त्यांच्यावाचून झाला. दुसऱ्या दिवशी गणेशने गाडी ओढत नानांच्या दारात आणली. वडील बरोबर होते. मी तिथे नव्हतो, हे सगळं सलीमभाईने सांगितलं. म्हाताऱ्याने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "नाना, आमी गाडी नव्हती घेतली. तुमचा शब्द घेतला व्हता." नानांनी इंजिन उतरवायला घेतलं आणि नऊ दिवस दुसरी गाडी हातात धरली नाही. मजुरी घेतली नाही.

दहाव्या दिवशी मला फोन आला. "साहेब, जरा येऊन जाता का?"

गेलो. त्यांनी फडक्यावर ठेवलेलं, इंजिनाच्या सांध्यातलं जळकं गॅसकेट दाखवलं. एका कडेला ते काळं पडून खाल्लं गेलं होतं. "हे पंधरा दिवसांचं दुखणं नाय," ते म्हणाले. "दोन-तीन महिन्यांचं तरी हाये. म्हंजी त्या दिवशी गाडीनं सांगायलाच पायजे व्हतं. ती बोलली आसंल आन् मला आलं नाय, नाय तर मंग..." ते थांबले. माझ्याकडे पाहिलं, अगदी साध्या नजरेने. "साहेब, तुमी पाचोडहूनच आलते ना?"

त्या प्रश्नात संशय नव्हता. मला तर आजही वाटतं, त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी "नाही" म्हणालो असतो तर ते दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. गणेशची मी समजूत काढली असती, खर्च दिला असता आणि आठवड्याभरात आम्ही पुन्हा त्या सीटवर बसलो असतो.

"हो," मी म्हणालो. "तुम्हाला सांगितलं ना त्या दिवशी."

"व्हय," नाना म्हणाले. "सांगितलं व्हतं." आणि ते गॅसकेट फडक्यात गुंडाळून ठेवलं. "मंग कानच गेले."

त्यानंतर त्यांनी ते लपवलं नाही, हे वाईट झालं. दुसरा कुणी असता तर गप्प राहून काम करत राहिला असता. नाना प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगायचे, "माजे कान गेलेत, दुसरीकडं बी दाखवून घ्या." वहिनींनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. नानांना पटलं नाही. "ते माणसाचं बोलणं ऐकायला लावत्यात. लोखंडाचं कुठं लावत्यात?" सीटवर ते एकटेच बसायचे आणि कधी बंद, कधी चालू गाडीपुढे मान कलती करायचे, मग मान हलवून उठायचे. सलीमभाई मला रस्त्यात अडवून म्हणाला, "चाचा, तुम समझाओ ना उनको. कल मेरी गाडी का बेल्ट बीस कदम से पकडे. कान-वान कुछ नहीं गया. मन में बैठ गया उनके." मी म्हणालो, समजावतो. गॅरेजवरून जाणं टाळायला मी बायपासचा रस्ताच सोडला. दिवाळीनंतर शेडवर दुसऱ्याचं नाव लागलं. नाना पाचोडला गेले.

दोन वर्षांनी मी पाचोडला गेलो. बायकोला सांगितलं नव्हतं. सांगायचं वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं. नाना अंगणात बाजेवर बसले होते, खूप वाळलेले. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. वहिनींनी मोसंबी सोलून समोर ठेवली. माझ्या नव्या गाडीचा पंखा दाराशी फिरत होता. मी म्हणालो, "नाना, जरा ऐकता का हिचं?" कुठून तरी सुरुवात करायची होती.

"नका लाजवू, साहेब," ते म्हणाले. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बरं झालं आलात. मला तुमाला एक सांगायचं राहिलं व्हतं. माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं. तो पोरगा आन् त्याचा बाप तुमाला काय समजले आसतील. चांगली गाडी म्हणून तुमी बिनधास्त माझ्यापुढं आणून लावली आन् मी बहिऱ्यानं पास केली. माफ करा मला."

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. माझं पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. मी म्हणालो, "असं काही मनात आणू नका." मोसंबीची फोड खाल्ली. चहा झाला. ते मला गाडीपर्यंत सोडायला आले.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नाना गेले. सलीमभाईने कळवलं. मी दहाव्याला गेलो, माणसांमध्ये उभा राहिलो, आणि गावातलं कुणीतरी माझ्या शेजारी म्हणालं, "लई मोठा मिस्त्री व्हता, कानांनी दगा दिला." मी तिथेही गप्प राहिलो.

हे लिहून झालं की एक प्रत वहिनींना पाठवणार आहे, एक गणेशला, आणि बागेतल्या मंडळींना स्वतः वाचून दाखवणार आहे. त्यांना माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. पण ज्याला ऐकायला हवं होतं त्याला हे आता सांगता येत नाही. त्या अंगणात, माझा हात त्यांच्या हातांत असताना मला एवढंच म्हणायचं होतं: नाना, माफी तुम्ही मागू नका. मी त्या दिवशी पाचोडहून आलो नव्हतो, घरून आलो होतो. तुम्ही अगदी बरोबर ऐकलं होतं. मला माफ करा.